पायी फिरणे आणि प्रदेशाचे लेखन : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक आढावा

एखाद्या प्रदेशाविषयी लिहायचे तर तो आधी पायाखाली घातला पाहिजे, ही समजूत मराठीत जुनी आहे. अलीकडे तिला नवे रूप आले आहे. लेखनाच्या कार्यशाळांत चालण्याचा सराव दिला जातो, शहरांतून वारसा-फेऱ्या निघतात आणि चालण्याने कल्पना सुचतात का, हे मानसशास्त्रज्ञ प्रयोग करून तपासतात. त्याच वेळी काही अवघड प्रश्नही पुढे आले आहेत. चालणारा कोण आहे? त्याला कोणी अडवत नाही, हे त्याचे भाग्य की त्याचा अधिकार? वाटेत भेटलेली माणसे त्याच्या लेखनात कोणत्या नात्याने येतात?

या प्रश्नांचा विचार डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या आधाराने करता येतो, कारण इतक्या लहान टापूत इतक्या वेगवेगळ्या हेतूंनी चाललेली माणसे क्वचितच सापडतील. डहाणू रोड स्थानकाच्या पश्चिमेला चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे आणि नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी किनाऱ्याने गेलेली गावे. पूर्वेला गंजाड, कासा, तलासरी, उधवा या बाजूला वारल्यांचे पाडे आणि डोंगर. चळवळीतली कार्यकर्ती, बालशिक्षिका, चित्रकार आणि यात्रेकरू या सगळ्यांनी हा मुलूख पायी तुडवला आहे, आणि त्याच्या बऱ्यावाईट खुणा लेखनात आणि चित्रांत उमटल्या आहेत.

पूर्वपीठिका

मराठी गद्याचा आरंभच चालणाऱ्या माणसाभोवती झाला. ‘लीळाचरित्र’ हा चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीचा वृत्तान्त आहे, आणि तो सिद्ध करणारे म्हाइंभट स्वतः आठवणी गोळा करत माणसामाणसाकडे गेले. त्यानंतरच्या शतकातली ‘स्थानपोथी’ या चर्चेत फारशी आठवली जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते. स्वामी कोणत्या गावी राहिले, तिथले देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, ते कुठे बसले, एवढेच ती सांगते. तिच्यात भावनेचा उमाळा नाही, वर्णनाचा सोस नाही. तरी पुढच्या माणसाने त्या जागी पायी जाऊन नमस्कार करावा, या एका हेतूपायी तिच्यात स्थळांची इतकी नेमकी नोंद झाली की इतिहासाच्या अभ्यासकांना आजही तिचा आधार घ्यावा लागतो. प्रदेशाचे लेखन ‘स्फुरते’ असे आपण म्हणतो. इथे ते जबाबदारीतून झाले आहे.

पुढची मोठी नोंद विष्णुभट गोडसे यांची. दक्षिणा मिळवण्यासाठी वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून, आणि छापून आला तो १९०७ साली. हे अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे; डहाणूकडे वळल्यावर ते पुन्हा भेटणार आहे.

विसाव्या शतकात वारीने दोन महत्त्वाचे लेखक दिले. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख मानवशास्त्रज्ञाच्या नजरेने आणि सहप्रवाशाच्या जिव्हाळ्याने लिहिलेला आहे. दिंडीत एकत्र चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांना टोचले आणि त्यांनी ते लिहिले. दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ (१९६४) जास्त संशयी, जास्त एकाकी आहे. भक्ती नसलेला माणूस भक्तांबरोबर चालतो तेव्हा काय होते, हा त्याचा खरा विषय. गो. नी. दांडेकरांनी नर्मदेची परिक्रमा केली, सह्याद्रीचे किल्ले आयुष्यभर पालथे घातले आणि त्यातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ व ‘माचीवरला बुधा’ यांसारखी पुस्तके आली. चालणे हा लेखकाचा धर्मच आहे, असे वाटायला लावणारा हा वारसा आहे. नर्मदा परिक्रमेवरच्या अलीकडच्या मराठी पुस्तकांचा ओघ पाहिला तर तो अजून आटलेला नाही.

युरोप-अमेरिकेतला प्रवाह सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वर्ड्‌स्वर्थ चालता चालता कविता रचत असे. थोरोचा चालण्यावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८६२ साली प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या गल्ल्यांतून निरुद्देश भटकणारा शहरी निरीक्षक वॉल्टर बेंजामिनने अभ्यासाचा विषय केला आणि गी दबोरने १९५० च्या दशकात त्या भटकण्याला राजकीय पद्धतीचे रूप दिले. रेबेका सोल्निट यांनी २००० साली या सगळ्याचा सलग इतिहास लिहिला. जपानचा बाशो १६८९ साली उत्तरेच्या अरुंद वाटांवर निघाला. त्याचे पुस्तक मात्र पुढची कित्येक वर्षे घडत राहिले.

प्रयोगांतून काय हाती लागले

चालण्याने सुचते, हा अनुभव प्रयोगाने तपासण्याचा सर्वांत चर्चिला गेलेला प्रयत्न स्टॅनफर्डच्या मेरिली ओपेझो आणि डॅनिएल श्वार्ट्‌झ यांचा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चार प्रयोगांत, नेहमीच्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग सुचवणे अशा कामात चालणारी माणसे बसलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. चालून येऊन खाली बसल्यावरही हा परिणाम काही काळ टिकला. मात्र ज्या कोड्याचे एकच अचूक उत्तर असते, तिथे चालण्याचा फायदा दिसला नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातला एक तपशील फार मोलाचा आहे. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रपट्ट्यावर चालणाऱ्यांनाही जास्त कल्पना सुचल्या. म्हणजे सुचण्याचा मोठा भाग पायांच्या हालचालीचा आहे, समोरच्या जागेचा नाही. मोकळ्या हवेत चालणाऱ्यांच्या उपमा सर्वांत नव्या निघाल्या, एवढे श्रेय बाहेरच्या जगाला मिळाले खरे. पण कल्पना सुचणे वेगळे आणि एखादा प्रदेश कळणे वेगळे. चालण्याचे समर्थक या प्रयोगाचा दाखला प्रदेशलेखनासाठी देतात, तेव्हा ते प्रयोगाने न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालतात, असे माझे मत आहे. प्रदेश कळण्याविषयीचा पुरावा शोधायचा तर तो पुस्तकांतून आणि माणसांच्या आयुष्यांतूनच शोधावा लागेल.

डहाणू-तलासरीतले चालणारे

तसा पुरावा म्हणून पहिले नाव चळवळीतल्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांचे घ्यावे लागते. १९४५ च्या मे महिन्यात तलासरी भागातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहायचे ही लग्नगड्याची प्रथा, आणि वेठ, यांविरुद्धचा लढा तिथून उभा राहिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर या काळात पाड्यापाड्यांतून हिंडत होते. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचे पुस्तक प्रसिद्ध झाले १९७० साली, म्हणजे झरीनंतर पंचवीस वर्षांनी. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

प्रदेशाचे लेखन म्हणून हे पुस्तक क्वचितच वाचले जाते. चळवळीचा दस्तऐवज म्हणून त्याचा मान मोठा आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्यात डहाणू-तलासरीचा जो मुलूख उभा राहतो, तो पायी चालल्याशिवाय उभा राहिला नसता. कोणत्या पाड्यावर कोणाचा वचक आहे, माणसे अनोळखी पावलांना का बिचकतात, जंगल कोणाचे आणि गवत कोणाचे, हे झोपडीत बसून, तिथेच निजून, सकाळी पुढच्या पाड्यावर जाऊन कळते. निसर्गवर्णन हा बाईंचा हेतू नाही. तरी डहाणूची माती त्यांच्या वाक्यावाक्यात आहे. स्फूर्तीसाठी त्या चालल्या नाहीत. गोडसे भटजींप्रमाणे त्यांचेही लेखन खूप नंतर आले. चालणे आणि लेखन यांच्यात इतका काळ जाऊ शकतो, ही गोष्ट ‘चालून या आणि लगेच लिहा’ या सध्याच्या पद्धतीला गंभीरपणे विचारात घ्यावी लागेल.

दुसरे उदाहरण शाळेचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखायला रानात जात, शाळेत येणे त्यांना जमत नसे. तेव्हा शिक्षकच गुरांमागे, मुलांबरोबर रानात जाऊ लागले. हीच कुरणशाळा. चालत्या शाळेत पाने, दगड, पाखरे, ओढे हेच शिकवण्याचे साहित्य होते. मुलांना आपला परिसर शब्दांत मांडता यावा, हा सर्जनशील लेखनाच्या वर्गांचा हेतू इथे कितीतरी आधी, पोटापाण्याच्या रेट्याखाली, आपोआप साधला गेला. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्या आयुष्याची ओळख होते. त्या मुलांनी स्वतः काय सांगितले, काय रचले, ते मात्र बहुतेक हवेतच राहिले.

तिसरी घटना जागतिक कलेच्या इतिहासातली आहे आणि मराठीत तिची चर्चा फारच कमी झाली. १९६७ साली इंग्लंडमधल्या एका कुरणात एकाच रेषेत मागे-पुढे चालून गवतावर ओळ उमटवणारा रिचर्ड लाँग हा चालण्यालाच कलाकृती मानणारा शिल्पकार. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ चा, तलासरीतल्या धामणगावचा. पुढचे आयुष्य डहाणूतल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर गेले. बायकांनी लग्नघराच्या भिंतीवर काढायच्या चित्रांतून त्यांनी स्वतःची नवी वाट काढली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात या दोघांचे एकत्र प्रदर्शन झाले. लाँग त्या निमित्ताने वारल्यांच्या मुलुखात येऊन चालला आणि इथल्या भूमीवर चालण्याच्या कृती केल्या.

या भेटीकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. एका मताप्रमाणे हा बरोबरीचा संवाद आहे. लाँगची रेषा आणि वर्तुळ, मशे यांच्या चित्रातले टिंब, जाळे आणि तारपा या वाद्याभोवतीचे फिरते वलय यांत खरे नाते आहे. दोघांनाही भूमी दिसते ती हालचालीतून. दुसऱ्या मताप्रमाणे एकाचे चालणे ऐच्छिक आहे आणि दुसऱ्याचे जगण्यातून आलेले. भिंतीवर दोन्ही शेजारी टांगली की हा फरक पुसला जातो. मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. पण मशे यांच्या चित्रांतली एक गोष्ट लेखकांनी जरूर पाहावी. त्यांत क्षितिज नाही आणि लांबून पाहणारा डोळाही नाही. शेत, झोपडी, ओढा, मासे धरणारी माणसे आणि वाटेने जाणारी रांग सगळे एकाच पातळीवर आहे. त्या भूमीत रोज वावरणाऱ्याला प्रदेश असा दिसतो. फिरायला आलेल्याचे गद्य बहुधा एका उंच जागेवरून सुरू होते.

चौथे चालणे श्रद्धेचे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते आणि पाड्यापाड्यांवरून, गुजरातच्या बाजूनेही, माणसे येतात. घोलवड-बोर्डीच्या वर बहरोटच्या गुहा आहेत. पारशांची वस्ती असलेले संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे तिथे जपला, असे १५९९ सालच्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये सांगितले आहे. पारशी मंडळी आजही तो डोंगर चढतात. एकच डोंगर एका समाजासाठी इतिहास आहे आणि दुसऱ्यासाठी सरपणाची व गुरांची वाट. दोन्ही चालणी एकत्र सांगणारे मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही.

कादंबरीने मात्र या भागाला वेगळ्या दिशेने हात घातला. अनोश इराणी यांची ‘डहाणू रोड’ ही इंग्रजी कादंबरी २०१० साली कॅनडात प्रसिद्ध झाली. चिकूच्या वाडीचे मालक असलेले इराणी कुटुंब आणि तिथे राबणारे वारली यांच्यातले नाते, त्यातले प्रेम आणि हिंसा हा तिचा विषय. तिचे केंद्र वाडी आहे, पायवाट नाही. कुंपणाच्या आतूनही प्रदेश लिहिता येतो, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या अस्वस्थतेतून लिहिता येतो, हे ती दाखवते. वाडीमालक घराण्यांची ही बाजू परुळेकरांच्या पुस्तकात येणे शक्यच नव्हते.

आक्षेप

चालण्याच्या गौरवावरचा पहिला आक्षेप समतेचा आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या त्यांच्या पुस्तकात मुंबईच्या आधारे दाखवले की बाईला रस्त्यावर असायला काहीतरी काम लागते. नुसते रेंगाळण्याचा हक्क तिला मिळत नाही. निरुद्देश भटकंतीतून लेखन होते असे म्हणताना हा हक्क कोणाजवळ आहे, हे आधी पाहावे लागते. दलित आत्मकथनांनी, ‘बलुतं’पासून पुढे, गावाचा भूगोल कोणत्या वाटेने कोणी जायचे यावर उभा असतो हे मराठी वाचकाला शिकवले. डहाणूत हा आक्षेप आणखी धारदार होतो. डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला जाणारी वारली बाई किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला घर सोडणारे कुटुंब कोणत्याही लेखकापेक्षा जास्त चालते. त्या चालण्याला स्फूर्तीचे साधन म्हणणे त्यांच्या कष्टांचा अपमान ठरेल. तरी त्या चालण्यात प्रदेशाचे जे ज्ञान साठते, ते नाकारणेही तितकेच चुकीचे ठरेल.

दुसरा आक्षेप थांबण्याच्या बाजूचा आहे. अरुण कोलटकर काळ्या घोड्याच्या चौकातल्या उपाहारगृहात वर्षानुवर्षे एकाच जागी बसले, आणि मुंबईच्या एका कोपऱ्याचे त्यांनी जे केले ते शहरभर हिंडणाऱ्यांना जमले नाही. बहिणाबाईंचे जग घर, जाते आणि शेत एवढ्यात सामावते. ना. धों. महानोर पळसखेडच्या शिवारात रमले. या मताच्या मांडणीप्रमाणे प्रदेश कळायला लागते ती वस्ती: ऋतू एकाच जागेवरून फिरताना पाहणे, त्याच माणसांची लग्ने आणि मरणे पाहणे. चालण्याचे समर्थक यावर म्हणतात की वस्ती करणाऱ्याला नेहमीचे दिसेनासे होते आणि चालणारा ते पुन्हा दाखवतो. मला वाटते, डहाणूची उदाहरणे या वादाला थोडे वेगळे वळण देतात. परुळेकर आणि कोसबाडच्या शिक्षिका चालल्याही आणि राहिल्याही. त्या त्याच पाड्यांवर पुन्हा पुन्हा गेल्या, कोणत्या तरी कामासाठी गेल्या, आणि लोक त्यांची वाट पाहत. अशा चालण्यातून आलेले लेखन टिकले आहे.

तिसरा आक्षेप घाईचा. शनिवार-रविवारी मुंबईहून यायचे, किनारा चालायचा, वारली चित्रांचे घर पाहायचे आणि लिहायचे, असे लेखन वाढले आहे. त्यातले सगळे टाकाऊ नाही. नवख्या नजरेला चिकूच्या वाडीतला अंधार किंवा ओहोटीला उघडा पडणारा चिखल जसा दिसतो तसा रहिवाशाला दिसत नाही. तरी त्यात माणसांची नावे नसतात, आणि वारली हा शब्द चित्रांच्या नक्षीपुरता उरतो.

काय उलगडायचे बाकी आहे

पहिली अडचण भाषेची. डहाणू-तलासरीत पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत जास्त चाललेल्या माणसांची बोली वारली आहे. तिच्यातले प्रदेशाचे ज्ञान गाण्यांत, लग्न लावणाऱ्या धवळेरीच्या गायनात आणि भगताच्या कथनात आहे. आजवरचे छापील लेखन बहुतेक मराठीत, इंग्रजीत, आणि बाहेरून आलेल्यांचे आहे. वारली तरुण शिकले, शिक्षक झाले, काही लिहूही लागले. त्यांच्या लेखनात पायवाट कशी येईल, ती गौरवाने येईल की सोडून दिलेल्या दारिद्र्याची खूण म्हणून येईल, हे आत्ताच सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न वाटांचाच आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आणि १९९६ पासून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने त्यावर लक्ष ठेवले. आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मालवाहू रेल्वेमार्ग आणि द्रुतगती महामार्ग या पट्ट्यातून जात आहेत, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे. समर्थकांना त्यात रोजगार आणि विकास दिसतो. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. पण भरावावरून जाणारा मार्ग दोन पाड्यांमधली जुनी वाट तोडतो, शाळेचे आणि बाजाराचे अंतर बदलतो, आणि माणसे वळसा घालू लागतात. या बदलाची पायी फिरून केलेली नोंद म्हणजे सर्जनशील लेखन मानायचे की साक्ष, यावर लेखकांत मतभेद आहेत. ‘स्थानपोथी’ डोळ्यांपुढे ठेवली तर त्या दोहोंत भिंत घालण्याची गरज मला दिसत नाही.

तिसरी गोष्ट अभ्यासाची आहे. चालणे आणि प्रदेशलेखन यांचा संबंध तपासायला प्रयोगशाळा अपुरी आहे हे वर आले. पण लेखकांच्या मुलाखती, टिपणवह्या, पहिला खर्डा आणि छापील पुस्तक यांची तुलना करून चालण्याचे नेमके काय पुस्तकात उतरते, हे पाहता येईल. गोदावरीबाई आणि अनुताई यांच्या बाबतीत अशी सामग्री किती उरली आहे, याचा शोध घेण्याजोगा आहे. कुरणशाळेत बसलेली मुले आता आजोबा-आजी आहेत. गुरांमागे हिंडताना कोणती गाणी म्हटली, कोणत्या ओढ्याला काय म्हणत, कोणत्या वाटेने शिक्षिका यायच्या, हे त्यांना अजून विचारता येते, आणि ते विचारायचे तर त्यांच्याच बोलीत, त्यांच्याबरोबर त्या वाटेवर जाऊन विचारावे लागेल.